शब्दाला तीस पैसे

परवा माझ्या धाकट्या पुतण्याचा फोन आला होता. त्यांच्या सोसायटीला पंचवीस वर्षे होत आहेत, त्या निमित्ताने एक छोटेसे पुस्तक काढायचे चालले आहे. मला म्हणाला, "काका, लिहायला वेळ कोणाला आहे? बाहेर देऊन टाकतो. फ्रीलान्स लिहिणारी पुष्कळ माणसे मिळतात, शब्दाला इतके पैसे असा हिशोब असतो. तुम्ही फक्त शेवटी एकदा नजर टाका."

"नजर टाका" हे शब्द ऐकले आणि पोटात गोळा आला. त्याला म्हटले, तुला सविस्तर लिहून कळवतो. मग विचार केला की एकट्याला कळवण्यापेक्षा इथेच लिहावे. तोही वाचेल आणि तुम्हीही वाचाल. आपल्यापैकी पुष्कळजण कुठल्या ना कुठल्या मंडळाच्या, शाळेच्या, ज्ञातीच्या समितीवर असतात. आज ना उद्या ही वेळ प्रत्येकावर येते.

मी ज्या शाळेत नोकरी केली तिला 2024 साली पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. अमृतमहोत्सवाची समिती झाली आणि मराठीचा जुना शिक्षक म्हणून मलाही त्यात ओढले. स्मरणिका काढायची हे पहिल्याच बैठकीत ठरले. पूर्वी, म्हणजे सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, आम्ही शिक्षकांनीच सगळे लिहिले होते. दुपारच्या सुट्टीत एकेकाला धरून आठवणी विचारायच्या आणि रात्री लिहून काढायचे. त्यात चुका होत्या, भाषा बोजड होती, पण जे लिहिले ते ज्याच्या त्याच्या माहितीतले होते. या वेळी मात्र बहुतेक जण सत्तरीच्या पुढे आणि नव्या शिक्षकांच्या मागे ऑनलाइन माहिती भरण्याची शंभर कामे. तेवढ्यात एका माजी विद्यार्थ्याने सुचवले की पुण्यात अशी कामे करून देणारी एक कंपनी आहे, मुद्दे दिले की लेख तयार होऊन येतात. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मीही सोडला, हे आधीच कबूल करतो.

चोवीस लेख, प्रत्येकी आठशे शब्द, शब्दाला दोन रुपये. म्हणजे एका लेखाचे सोळाशे आणि सगळे मिळून 38,400 रुपये झाले. कुणाला ते जास्त वाटले नाही. आम्ही प्रत्येक विषयाचे आठ-दहा ओळींचे टिपण ईमेलने पाठवले आणि मंडप, जेवण, पाहुण्यांची यादी यांच्या मागे लागलो.

महिनाभराने लेख येऊ लागले. पहिले दोन-तीन वाचून बरे वाटले. भाषा गुळगुळीत होती, शुद्धलेखनही बऱ्यापैकी होते. पण मराठीच्या मास्तराचे कान जरा तिखट असतात. "शाळेने अनेकांच्या जीवनावर अमिट छाप सोडली" हे वाक्य तीन लेखांत सापडले. "अमिट" हा काही आपल्या मराठीतला रोजचा शब्द नव्हे. शिवाय प्रत्येक माणसाने "महत्त्वपूर्ण भूमिका बजावली" होती, मग ते संस्थापक असोत, प्रयोगशाळेचे सहायक असोत की मैदानातले वडाचे झाड असो. चॅटजीपीटी नोव्हेंबर 2022 मध्ये आल्यापासून अशी वाक्ये ओळखायची आता सवय झाली आहे. एका लेखात तर आमच्या शाळेची जुनी इमारत "गोदावरीच्या पवित्र तीरावर" उभी होती. आमच्या गावाला नदीच नाही. एक ओढा आहे, तोही दिवाळीनंतर आटतो. गोदावरी तर सातारा जिल्ह्यातून जातच नाही. दुसऱ्या कुठल्या तरी शाळेच्या स्मरणिकेतला लेख उचलून नाव तेवढे बदलले होते, आणि नदी बदलायची राहिली होती.

आम्ही हसलो, ते दोन लेख परत पाठवले, ते दुरुस्त होऊन आले. धोक्याची घंटा वाजली होती ती आम्ही विनोद म्हणून ऐकली.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती लिहिताना अजूनही जड जाते.

आमच्या शाळेत एक शिपाईमामा होते. एकतीस वर्षे त्यांनी शाळेची घंटा वाजवली. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली, मामी मात्र अजून आहेत. गावातच नातवाकडे असतात. स्मरणिकेत मामांवर एक लेख हवा हा आग्रह माझाच होता. टिपणही मीच दिले होते: किती साली नोकरीला लागले, घंटेची वेळ कधी चुकवली नाही, मुलांना पदरच्या पैशांनी पेन्सिली घेऊन देत, जुन्या मुख्याध्यापकांचा त्यांच्यावर फार विश्वास होता. एवढ्या सात-आठ ओळी.

डिसेंबरात समारंभ थाटात झाला. सहाशे प्रती छापल्या होत्या, त्यांतल्या साडेतीनशे त्याच दिवशी वाटल्या गेल्या. चौथ्या दिवशी सकाळी मामांचा नातू माझ्या दारात. "आजीनं बोलावलंय" एवढेच म्हणाला. गेलो. मामी ओसरीवर बसल्या होत्या, पुढे स्मरणिका. नातवाने त्यांना आजोबांवरचा लेख वाचून दाखवला होता. त्यात लिहिले होते की तरुणपणी मामा व्यसनाधीन होते, दारू पिऊन कामावर येत, पण मुख्याध्यापकांनी त्यांना काढून न टाकता मायेने जवळ घेतले आणि त्या दिवसापासून त्यांनी बाटलीला स्पर्श केला नाही.

मामा माळकरी. घराण्यात पिढ्यान् पिढ्या वारी. शेवटपर्यंत चहासुद्धा एका वेळेलाच घेत.

मामी ओरडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "सर, ह्यांनी कधी घेतली हुती वो? तुमी तर रोज बघत हुता."

यावर काय बोलणार? पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर माझे नाव आहे, "मुद्रितशोधन" या शब्दापुढे. घरी येऊन प्रुफांचा गठ्ठा काढला. मामांचा लेख मी वाचला होता. "व्यसनाधिन" असे छापले होते, त्यातली "धि" ऱ्हस्व होती, ती मी लाल शाईने दीर्घ केली होती. रात्री साडेअकराला, सकाळी छापखान्यात पाने द्यायची म्हणून, मी वेलांट्या तपासत होतो. ज्यांनी प्रुफे वाचली आहेत त्यांना ठाऊक असेल, त्या वेळी डोळ्यांना अक्षरे दिसतात, मजकूर दिसत नाही. पण ही सबब मामींना कशी सांगायची?

मग मी त्या कंपनीला फोन लावला. रागातच होतो. त्यांनी एका मध्यस्थाचा नंबर दिला, म्हणजे लेख त्यांनी स्वतः लिहिलेच नव्हते. मध्यस्थाने आधी टाळाटाळ केली, मग आणखी एक नंबर दिला. तो निघाला मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलीचा. एम. ए. झालेली, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी, फावल्या वेळात लेखनाची कामे घेणारी. आमच्या चोवीस लेखांपैकी नऊ तिने लिहिले होते, त्यांत मामांचाही होता.

मी चढ्या आवाजात विचारले, "दारूचे कुठून आणलेत तुम्ही?" ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, "सर, माझा लेख साडेचारशे शब्दांचा झाला होता. तो परत आला. आठशे करा आणि भावनिक करा असा निरोप होता. मुख्याध्यापकांचा त्यांच्यावर विश्वास होता असे टिपणात होते, तो का असेल त्याची गोष्ट मी तयार केली. चुकले माझे."

पुढे जे कळले ते असे. आम्ही शब्दाला दोन रुपये दिले होते. मध्यस्थाला मिळाले ऐंशी पैसे. तिला तीस. आठशे शब्दांचे 240 रुपये, नऊ लेखांचे 2,160, आणि तेही अजून हातात पडले नव्हते. समारंभात आम्ही पाहुण्यांना जे पुष्पगुच्छ दिले ते एकेक अडीचशे रुपयांचे होते.

आणि शेवटी ती म्हणाली, "सर, मी विचारले होते. शिपाईमामांच्या घरच्या कोणाशी बोलता येईल का, असा मेसेज मी ऑक्टोबरमध्येच पुढे पाठवला होता. उत्तर आले नाही."

फोन ठेवून मी समितीचा व्हॉट्सअॅप ग्रुप मागे मागे सरकवत गेलो. मेसेज होता. कंपनीच्या माणसाने जसाच्या तसा पुढे पाठवलेला. त्याखाली मीच लिहिले होते, "दोन दिवसांत कळवतो." त्या आठवड्यात सौ.चे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. नंतर ते राहूनच गेले.

तेव्हापासून या विषयावर मी पुष्कळ विचार केला. बाहेरून लिहून घेण्यात फसवणूक होते, उचलेगिरी होते, यंत्राकडून लिहून आणतात, हे सगळे खरे आहे. पण माझे मत असे झाले आहे की यातले बहुतेक खड्डे काम देणाऱ्यानेच खणलेले असतात. आम्ही शब्द विकत मागितले, आम्हाला शब्द मिळाले. खरेपणा आम्ही मागितलाच नव्हता, कारण त्याचा भाव कुणी विचारला नव्हता.

शब्दसंख्येचेच पाहा. मी जन्मभर मुलांना "किमान पंचवीस ओळी" असे सांगून निबंध लिहायला लावले. मुलाजवळ सांगण्यासारखे दहा ओळींचे असे. उरलेल्या पंधरा ओळी तो कुठून आणी? निबंधमालेच्या गाइडमधून, नाहीतर मनाने. "माझा आवडता प्राणी" लिहिताना ज्यांच्या घरात कधी कुत्रे नव्हते त्यांच्या कुत्र्याने चोर पकडून दिलेला मी किती वेळा वाचला आहे! तेव्हा मी हसून मार्क दिले. त्या मुलीने वेगळे काय केले? फरक एवढाच की कुत्रा काल्पनिक होता आणि मामींचा नवरा खरा होता.

या धंद्याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. 2009 साली निवृत्त झाल्यावर दोन-तीन वर्षे मी भाषांतराची कामे घेत असे. इंग्रजी माहितीपत्रके मराठीत करायची, शब्दाला चाळीस पैसे. पहिले पत्रक मी कोश घेऊन बसून तीन दिवसांत केले. हिशोब केला तर दिवसाला पन्नास रुपयेही पडले नाहीत. दुसरे एका दिवसात केले, तिसरे एका दुपारी. एकाही कामात मला कुणी विचारले नाही की ही वाक्ये वाचणाऱ्याला समजतील का. पैसे सात महिन्यांनी आले, तेही चार वेळा आठवण केल्यावर. मी काही लबाड माणूस नाही, पण त्या दरात माझ्याही हातून काम घसरत गेले. तेव्हा इतरांना नावे ठेवताना जरा जपून.

बाहेरून लिहून घेणे मुळात वाईट आहे असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्या जिल्ह्यातच वाईला मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली उभे राहिले, पहिला खंड 1976 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या कितीतरी नोंदी बाहेरच्या तज्ज्ञांकडून लिहून घेतलेल्या आहेत. पण आलेली नोंद तशीच छापखान्यात जात नसे. ती तपासणारे, सुधारणारे संपादक वाईला बसलेले असत. आणि नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचे नाव छापलेले असे. आमच्या त्या मुलीचे नाव स्मरणिकेत कुठेही नव्हते. ते नाव खाली छापून येणार असते, आणि गावातले कोणी ते वाचणार हे तिला ठाऊक असते, तर ती दारूची गोष्ट लिहायला धजली असती असे मला वाटत नाही.

माझा दुसरा पुतण्या वकील आहे. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली जी आमच्या समितीत कुणालाच माहीत नव्हती. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा हक्क सहसा मालकाकडे जातो. पण बाहेरच्या लेखकाकडून पैसे देऊन लिहून घेतले तर तो हक्क आपोआप आपला होत नाही. लेखकाने तो लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरतात. आमचा त्या मुलीशी कसलाच करार नव्हता. म्हणजे जे लेख "आमचे" म्हणून आम्ही मिरवत होतो ते कायद्याने आमचे होते की नाही याचीच शंका. वर त्यांतला एक दुसऱ्याच कोणाच्या तरी शाळेचा!

असो. पुतण्याने सल्ला मागितला आहे तर तो थोडक्यात देतो.

प्रत्यक्ष लिहिणार कोण आहे हे आधी विचार, आणि त्या माणसाशी स्वतः फोनवर बोल. मध्ये दोन हात असले तर तुझे पैसेही खाली पोचत नाहीत आणि त्याचे प्रश्नही वर पोचत नाहीत. आधी एकच लेख लिहून घे, त्याचे पैसे दे, तो नीट वाच आणि मग पुढचे काम सांग. फुकटचा नमुना मागू नकोस. दर शब्दावर ठरवू नकोस, कामावर ठरव, आणि त्यात चार माणसांना भेटण्याचा, फोन करण्याचा वेळ धर. लेख चारशे शब्दांत संपत असेल तर चारशेच छाप, उरलेल्या जागेत फोटो घाल. निम्मे पैसे आधी दे, उरलेले ठरल्या तारखेला. लेखी करार कर, एक पान पुरते. लेखाखाली नाव घाल. त्याने विचारलेल्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर दे, घरात कोणाचेही ऑपरेशन असले तरी. यंत्राची मदत घेतली तर तसे सांगायला सांग. आणि छापण्याआधी ज्याच्यावर लेख आहे त्याला, तो नसेल तर त्याच्या घरच्यांना, मोठ्याने वाचून दाखव. हे शेवटचे आम्ही केले असते तर बाकीचे सगळे चुकूनही निभावले असते. मामींचे घर शाळेपासून दहा मिनिटांवर आहे.

तू म्हणशील, एवढे सगळे करायचे तर बाहेर कशाला द्यायचे? बरोबर आहे. लिहिण्याचे श्रम बाहेर देता येतात, माहिती असणे आणि जबाबदार असणे ही दोन कामे घरीच राहतात. ती करायला कोणी नसेल तर पुस्तक काढूच नये, वडापाव आणि चहा द्यावा, लोक खूश होतात.

आता पुढचे सांगायला हवे. त्या मुलीचे 2,160 रुपये मी स्वतः पाठवले. तिने मामींशी व्हिडिओ कॉलवर तासभर बोलून नवा लेख लिहिला, त्याचे पैसे समितीने दिले. लेख साडेपाचशे शब्दांचा आहे, तेवढाच ठेवला. पहिल्या लेखातली ती हकिगत खोटी होती आणि तपासण्याची जबाबदारी माझी होती, हे चार ओळींत माझ्या सहीने वर छापले. चार पानांची पुरवणी करून उरलेल्या अडीचशे प्रतींना जोडली आणि वाटलेल्यांपैकी जेवढ्यांचे पत्ते मिळाले तेवढ्यांना टपालाने धाडली. समितीतल्या एक-दोघांना हे आवडले नाही. "आता कोण वाचतंय ते, उगाच बभ्रा" असे म्हणणे पडले.

पुरवणी घेऊन मी मामींकडे गेलो. या वेळी मीच वाचून दाखवला. पेन्सिलींचे आले तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "पेन्सिली न्हवं, पाट्या. पाटी फुटली की पोरं रडायची, म्हनून." तेही माझ्याच टिपणातले चुकलेले होते. मी पेनाने तिथल्या तिथे त्यांच्या प्रतीत दुरुस्त केले.

निघताना त्यांनी विचारले, "आन् सर, ती पहिली पुस्तकं गेली त्या लोकांकडनं परत घ्येनार का?"

मी म्हटले, सगळी नाही मिळणार मामी.

त्यांनी मान हलवली आणि नातवाला चहा टाकायला सांगितला.